भीड, धास्ती, धाक, धसका आणि काळजी : ‘श्यामची आई’मधील भीतीचा अभ्यास





यंदा आठवी ते दहावीच्या वर्गांसाठी पूरक वाचन म्हणून आम्ही साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ हे पुस्तक निवडले आहे. निवड कळताच बहुतेक पालकांनी आनंद व्यक्त केला. अनेकांच्या घरी आजी-आजोबांच्या वेळची जुनी प्रत निघाली. पालक-सभेत मात्र एक शंका आली, आणि ती विचार करण्याजोगी आहे. पुस्तकाचा शेवटचा भाग फार दुःखद आहे, आईचा आजार आणि मृत्यू वाचून मुले घाबरतात, रात्री झोपत नाहीत, तेव्हा शेवटच्या पाच ‘रात्री’ वगळून बाकीचे पुस्तक शिकवता येणार नाही का, असे काही पालकांनी विचारले.

शंका प्रेमापोटी आलेली आहे. म्हणून तिला हो-नाही असे चटकन उत्तर न देता आम्ही ते पुस्तक पुन्हा वाचले, आणि या वेळी मुद्दाम एकाच गोष्टीकडे लक्ष ठेवले. या पुस्तकात भीती कुठे कुठे येते, ती कोणाला वाटते आणि ती काय घडवते? या वाचनातून जे हाती आले ते येथे मांडत आहोत. विद्यार्थ्यांना हा अभ्यासलेख म्हणून उपयोगी पडेल. पालकांच्या शंकेचे आमचे उत्तरही यातच आहे.

पुस्तकाविषयी थोडेसे

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, दापोली तालुक्यातील पालगड या गावी झाला. पुढे ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि १९३० मध्ये नोकरी सोडून स्वातंत्र्यलढ्यात उतरले. ‘श्यामची आई’ त्यांनी नाशिकच्या तुरुंगात लिहिले. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी लेखनास आरंभ केला आणि १३ फेब्रुवारीला ते पुरे झाले. त्यांच्या आईचे, यशोदाबाईंचे, निधन १९१७ मध्ये झाले होते. म्हणजे आई गेल्यावर सुमारे पंधरा वर्षांनी, तेहतीस वर्षांचा मुलगा तुरुंगाच्या कोठडीत बसून तिच्याविषयी लिहीत होता.

पुस्तकाची रचना साधी आहे. आश्रमात राहणारा श्याम रोज रात्री प्रार्थनेनंतर आपल्या मित्रांना आईची एक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री पुस्तकात आहेत. कोणी याला आत्मकथन म्हणतात, कोणी कादंबरी, तर कोणी संस्कारकथांचा संग्रह. आम्ही येथे ते कादंबरी म्हणून वाचणार आहोत. श्याम हे लेखकाने स्वतःला दिलेले वेगळे नाव आहे, आणि बेचाळीस रात्रींमधून एकच कथा पुढे सरकते : एका मुलाने आपली आई कशी गमावली.

ग्वाल्हेरकरांना या पुस्तकाचा अभिमान वाटावा असे आणखी एक कारण आहे. आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये त्यावर चित्रपट काढला. पहिल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत, १९५४ साली, त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्यात आईची भूमिका करणाऱ्या वनमाला या आपल्या ग्वाल्हेरच्याच पवार घराण्यातील.

एका ‘डर’चे पाच शब्द

आपली मुले घरी मराठी आणि बाहेर हिंदी बोलतात. त्यांच्या बोलण्यात भीती म्हटली की ‘डर’ येतो, नाहीतर अलीकडे ‘टेन्शन’ येते. मराठीत मात्र भीतीच्या वेगवेगळ्या छटांना वेगवेगळे शब्द आहेत. त्यांतले पाच आपण घेऊ.

भीड म्हणजे लोक काय म्हणतील या विचाराने वाटणारा संकोच. धास्ती म्हणजे अजून न घडलेल्या गोष्टीची आधीच घेतलेली भीती. धाक म्हणजे वडील माणसाचा किंवा नियमाचा वचक. धसका म्हणजे मनाला बसलेला असा धक्का की जो शरीरालाही खचवतो. आणि काळजी म्हणजे आपल्या माणसाचे कसे होईल ही चिंता. काळजी हा शब्द आपण प्रेमाने वापरतो, पण तिच्या पोटात भीतीच असते.

‘श्यामची आई’ वाचताना हे पाच शब्द जवळ ठेवा. पुस्तक प्रेमाचे आहे हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्या प्रेमाला पुढे ढकलणारी शक्ती पुष्कळदा भीतीच आहे, हे सहसा लक्षात येत नाही.

पहिली भीती : भीड

पहिल्याच रात्रीची गोष्ट सावित्रीव्रताची आहे. आई तापाने अशक्त झाली आहे. वडाला प्रदक्षिणा घालण्याचे बळ तिच्यात नाही, म्हणून ती श्यामला आपल्याऐवजी प्रदक्षिणा घालायला सांगते. श्याम कचरतो. बायकांच्या व्रतात मुलगा शिरला म्हणून सोबती हसतील, ही त्याची भीड. आई त्याला समजावते की लाज वाईट कामाची वाटली पाहिजे, देवाच्या आणि आईच्या कामाची नव्हे. तो जातो आणि प्रदक्षिणा घालतो.

गोष्ट लहान आहे, पण लेखकाने ती पहिली ठेवली आहे. सावित्रीची कथा म्हणजे यमाच्या हातून आपले माणूस सोडवून आणण्याची कथा. श्याम कथा सांगायला बसतो तेव्हा आई जाऊन कितीतरी वर्षे झालेली आहेत, आणि हे वाचकालाही ठाऊक असते. या पहिल्या रात्री आई आजारी आहे आणि मुलगा तिच्या जागी उभा राहायला जवळ आहे. शेवटच्या रात्रींतही आई आजारी आहे, पण मुलगा जवळ नाही. पहिली रात्र आणि अखेरच्या रात्री शेजारी ठेवून वाचल्या की पुस्तकाचा आराखडा स्पष्ट दिसतो.

पंचविसाव्या रात्री भीड पुन्हा येते, आणि या वेळी ती गंभीर आहे. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील एका म्हातारीची लाकडाची मोळी खाली पडली आहे. ती तिला एकटीला उचलत नाही. आई श्यामला सांगते, जा, मोळी उचलून दे आणि घरी येऊन आंघोळ कर. गावाच्या भिडेपुढे ही बाई माणुसकीला पुढे करते, पण आंघोळीचा नियम तिच्याने सुटत नाही. आजच्या वाचकाला ही आंघोळ खटकेल, आणि खटकायलाच हवी. विद्यार्थ्यांनी आईला दोष देऊन थांबू नये, तसेच तिची बाजू घेऊन हा मुद्दा झाकूही नये. भिडेचे दार तिने अर्धे उघडले. पुढे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले. उरलेले अर्धे दार उघडण्यासाठी मुलाला स्वतःचे प्राण पणाला लावावे लागले.

आपल्या मुलांची भीड कोणती? पुष्कळांची भीड मराठीचीच आहे. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की आपले मराठी चुकेल, ते हसतील, म्हणून मुले हिंदीत बोलू लागतात. श्यामची वडाखालची भीड याच जातीची आहे.

दुसरी भीती : धास्ती

बाराव्या रात्री श्यामच्या पोहण्याची गोष्ट आहे. गावातली मुले विहिरीत पोहायला जातात. श्यामला पाण्याची धास्ती आहे. मुले बोलवायला येणार म्हणून तो घरात लपून बसतो. आई त्याला शोधते, मार देत बाहेर काढते आणि मुलांबरोबर पाठवते. तो विहिरीत उतरतो, पोहतो आणि परत येतो तेव्हा भीती गेलेली असते. नंतर आई त्याला जवळ घेऊन सांगते की आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हटलेले तिला सहन होणार नाही.

धास्तीचा स्वभाव येथे नेमका टिपला आहे. धास्ती पाण्याबाहेर असते. श्यामला सर्वांत जास्त भीती वाटते ती लपून बसल्यावर, विहिरीपासून दूर असताना. पाण्यात पडल्यावर हातपाय मारण्याचे काम सुरू होते, आणि काम सुरू झाले की धास्तीला जागा उरत नाही.

पण येथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे. आईने एक भीती घालवण्यासाठी दुसरी वापरली. पाण्याच्या भीतीपेक्षा माराची भीती मोठी केली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास बंदी घातली आहे, आणि ते योग्यच आहे. म्हणून हा प्रसंग शिकवताना ‘छडी लागे छमछम’ असा त्याचा अर्थ कोणी काढू नये. लेखकानेही गोष्ट मारावर संपवलेली नाही. नंतरचे जवळ घेणे आणि कारण सांगणे नसते, तर तो मार श्यामच्या आठवणीत निव्वळ मार म्हणूनच राहिला असता.

तिसरी भीती : धाक

आईचा श्यामला धाक आहे. पण हा धाक ती हळूहळू स्वतःकडून काढून त्याच्या मनाकडे सोपवते. ‘थोर अश्रू’ या सहाव्या रात्री न्हाऊन झालेला लहान श्याम ओल्या पायांना माती लागू नये म्हणून आईला तिचे वस्त्र पसरायला लावतो. आई ते करते, आणि मग पायांना जसे जपतोस तसे मनालाही जप, असा बोध करते. मराठी घरांत हा प्रसंग पाठ असतो. भीतीच्या दृष्टीने पाहिले तर आईने येथे भीती काढून टाकलेली नाही. मळण्याची भीती तशीच ठेवून तिने तिचा पत्ता बदलला आहे. आधी ती पायांसाठी होती, आता मनासाठी झाली.

सव्विसाव्या रात्री श्याम शिक्षणासाठी दापोलीला आहे. खाऊचे पैसे साठवून तो धाकट्या भावासाठी, पुरुषोत्तमासाठी, कोट शिवून घेतो आणि गणेशचतुर्थीला घरी निघतो. पावसाने ओढ्याला पूर आलेला असतो. एके काळी विहिरीला घाबरून लपणारा हा मुलगा पूर ओलांडून घर गाठतो. नवा कोट पाहून आईला आधी आनंद होत नाही. तिच्या मनात शंका येते की पैसे आणले कुठून. कोणाकडून उसने घेतले का, की आणखी काही केले? पैसे खाऊचे आहेत हे कळल्यावर तिचे मन भरून येते.

या एका प्रसंगात दोन भीती समोरासमोर आहेत. मुलाला पुराची भीती वाटली नाही, कारण भावाला कोट द्यायची ओढ त्याहून मोठी होती. आईला मात्र कोट पाहून भीती वाटली. गरिबीच्या घरात अचानक आलेली चांगली वस्तूही आधी घाबरवते. तिची भीती अगदीच निराधार होती असे नाही. एकोणतिसाव्या रात्री, पुस्तकाच्या लोभाने, श्यामच्या हातून खरोखरच चोरी घडते.

चौथी भीती : धसका

आता विद्यार्थ्यांनी एक गोष्ट स्वतः पडताळून पाहावी. पहिल्या एकतीस रात्रींत भीती बहुधा त्याच रात्री संपते. भीड वाटते आणि जाते, धास्ती वाटते आणि जाते. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी मुलगा थोडा मोठा झालेला असतो आणि ऐकणारे निश्चिंत मनाने झोपायला जातात. बत्तिसाव्या रात्रीपासून हे बदलते. ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’ हे तिचे नाव. येथून पुढे भीती एका रात्रीत संपत नाही, ती दुसऱ्या रात्रीत शिरते.

श्यामचे घराणे खोताचे. खोत म्हणजे कोकणात गावचा सारा वसूल करणारा वतनदार. नाव मोठे, मान मोठा, पण उत्पन्न आटलेले आणि डोक्यावर सावकाराचे व्याज. वसुलीचा माणूस दारात येऊन बसतो, आईला नाही नाही ते ऐकावे लागते. घरात तेल असले तर मीठ नसते. आई शेजारीपाजारी राबते, कष्टाला ती भीत नाही. तिला भीती आहे ती अब्रू जाण्याची. सदतिसाव्या रात्री तेच घडते. घरावर जप्ती येते, गावात दवंडी पिटली जाते आणि ज्या गावात मान होता त्याच गावात ढोल वाजतो.

लगेच पुढच्या, अडतिसाव्या, रात्रीचे नाव आहे ‘आईचा शेवटचा आजार’. या दोन रात्रींमध्ये लेखकाने दुसरी कोणतीही गोष्ट घातलेली नाही. यालाच मराठीत धसका घेणे म्हणतात. वैद्य रोगाला वेगळे नाव देईल, पण कथेच्या जुळणीने कारण सांगितलेले आहे.

भीड, धास्ती आणि धाक या तिन्ही भीतींवर आईकडे उपाय होता, कारण त्या मनातल्या होत्या. कर्जाची भीती तशी नाही. व्याज धीर धरल्याने थांबत नाही. येथे कादंबरी प्रामाणिक आहे. धैर्य असले की सारे ठीक होते असे खोटे आश्वासन ती मुलांना देत नाही.

पाचवी भीती : काळजी

आता शेवटच्या रात्रींकडे येऊ, ज्या वगळाव्यात असे सुचवले गेले.

आई अंथरुणाला खिळली आहे. श्याम दूर, परगावी शिकत आहे. आईला त्याला पाहण्याची आस आहे. तरीही आपला आजार त्याला कळवू नये असेच ती म्हणते, कारण त्याच्या अभ्यासात खंड पडेल. यात स्वार्थाचा लवलेश नाही. ही शुद्ध काळजी आहे. आणि या काळजीमुळेच मायलेकरांची शेवटची भेट होत नाही. श्यामला स्वप्नात आई दिसते, मनाला हुरहूर लागते, तो गावी निघतो आणि पोहोचतो तेव्हा सारे संपलेले असते. त्याच्या वाट्याला येते ती चितेवरची राख. आईच्या देहाचा आकार धरून राहिलेली ती राख हात लागताच ढासळते.

पुस्तकातला सर्वांत मोठा वियोग असा घडतो. मृत्यू तर आला असताच, तो कोणाला टळत नाही. पण श्याम जवळ नसणे हे मृत्यूने केलेले नाही. ते काळजीने केले. दुसऱ्याला दुःख होऊ नये या भीतीने त्याच्यापासून दुःख लपवले, आणि शेवटी त्याला दुप्पट दुःख मिळाले. आईच्या जाण्याचे एक, आणि जाताना जवळ नसल्याचे दुसरे. भीती आणि वियोग यांचे नाते या कादंबरीत असे आहे. लहान भीतींना सामोरे जायला शिकवणारी आई आपल्या सर्वांत मोठ्या भीतीपुढे मात्र गप्प राहते.

आई गेल्यावरही काळजी संपत नाही. पिंडाला कावळा शिवत नाही. धाकट्या पुरुषोत्तमाला सांभाळण्याचे वचन दिले जाते, तेव्हा कुठे कावळा शिवतो. या प्रथेवर विश्वास असो वा नसो, प्रसंगाचा अर्थ साधा आहे. आईची भीती नाहीशी होत नाही, ती मागे राहिलेल्यांनी वाटून घ्यायची असते.

पालकांच्या शंकेचे उत्तर

पालकहो, आपल्या घरांतही हे घडते. आजोबा रुग्णालयात असतात आणि मुलाची परीक्षा असते. ‘त्याला सांगू नका, पेपर होऊ देत,’ असे आपण म्हणतो. इंदूरला, पुण्याला किंवा परदेशी शिकणाऱ्या मुलाशी फोनवर ‘सगळे ठीक आहे’ असे बोलतो. हेतू चांगलाच असतो. श्यामच्या आईचाही चांगलाच होता.

शेवटच्या पाच रात्री वगळा, ही सूचना आम्हांला त्याच जातीची वाटते. मुलांना दुःख होऊ नये म्हणून दुःखाची बातमी त्यांच्यापासून ठेवायची. पण त्या रात्री काढल्या की मागे काय उरते? मोळी उचलावी, मन जपावे, चोरी करू नये, भावावर प्रेम करावे. बोध सगळे उत्तम, पण ते कोणी दिले आणि देणारी गेल्यावर ते मुलाला का आठवत राहिले, हे कळायचा मार्गच बंद होतो. सुभाषितांची वही हाती राहील, कादंबरी हातची जाईल.

आमच्या मते दुःखाचे प्रसंग मुलांनी प्रथम पुस्तकात, मोठ्या माणसांच्या सोबतीने वाचणे चांगले. धास्तीचा धडा येथे लागू पडतो. विहिरीपासून दूर लपून बसले की ती वाढते. मृत्यूविषयी घरात कोणीच बोलत नसेल, तर मूल एकटे विचार करते आणि त्याच्या कल्पनेतली भीती पुस्तकातल्या भीतीपेक्षा मोठी असते. श्यामने काय केले पाहा. त्याने ते दुःख एकट्याने सांभाळले नाही. रात्री दिवा लावून, मित्रांना भोवती बसवून, बेचाळीस रात्री तो बोलत राहिला. ऐकणारे रडले, पण दुसऱ्या रात्री पुन्हा ऐकायला आले.

मात्र पालकांच्या शंकेतला खरा अंश आम्ही मानतो. सर्वच मुले सारखी नसतात. ज्या घरात नुकताच कोणाचा वियोग झाला आहे, तेथे हा भाग कोवळ्या जखमेला लागू शकतो. अशा पालकांनी वर्गशिक्षकांना आधी सांगावे. त्या मुलाला वर्गात मोठ्याने वाचायला लावले जाणार नाही. त्याला हवे असेल तर तो हा भाग नंतर, घरी, आपल्या माणसाजवळ बसून वाचेल. शेवटच्या पाच रात्री कोणालाही पाठांतरासाठी किंवा परीक्षेच्या प्रश्नासाठी दिल्या जाणार नाहीत. त्यांवर गुण नसतील.

विश्वस्त मंडळींना आमची विनंती आहे की पुस्तक पूर्ण वाचण्यास संमती द्यावी, आणि जमल्यास शेवटच्या पाच रात्रींचे वाचन शाळेच्या सभागृहात संध्याकाळी, पालक आणि आजी-आजोबांसह ठेवावे. एका बैठकीत एकच रात्र. वाचणारा कोणीही असेल, मूल असेल, आजोबा असतील. उच्चार चुकला तर हसायचे नाही, एवढाच नियम.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. भीड, धास्ती, धाक, धसका, काळजी हे शब्द वापरून प्रत्येकी एक वाक्य लिहा. वाक्य तुमच्या स्वतःच्या अनुभवातले असावे. हिंदीत विचार आला तरी चालेल, लिहा मराठीत.

२. सावित्रीव्रताची गोष्ट आणि आईच्या शेवटच्या आजाराची गोष्ट एकापाठोपाठ वाचा. दोन्हींत आई काय मागते आणि काय मागत नाही, याची दोन रकान्यांत नोंद करा.

३. श्यामला पुराची भीती वाटली नाही, पण विहिरीची वाटली होती. या दोन प्रसंगांच्या मधल्या काळात काय बदलले असेल? पंधरा ओळींत लिहा.

४. आईने श्यामला आजार कळवायला हवा होता का? दोन्ही बाजूंनी मुद्दे काढा. वर्गात यावर चर्चा होईल. आईची बाजू घेणाऱ्यांना त्या काळची परिस्थिती ध्यानात घ्यावी लागेल. टपाल सावकाश पोहोचे, प्रवासाला दिवस लागत आणि पैसे नसत.

५. मोळीच्या प्रसंगात आईच्या जागी तुम्ही असता तर श्यामला काय सांगितले असते? आणि तुम्ही श्याम असता तर आईला काय विचारले असते?

६. घरातल्या सर्वांत वडील व्यक्तीला विचारा : लहानपणी तुम्हांला कशाची भीती वाटे, आणि ती कशी गेली? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. शब्द जुने वाटले तर बदलू नका. त्यांचा अर्थ त्यांनाच विचारून वहीच्या समासात लिहा.

सहाव्या प्रश्नाची निवडक उत्तरे पुढील अंकात छापू. ज्यांचे आजी-आजोबा परगावी आहेत त्यांनी फोन करून विचारावे. आणि फोनवर ‘सगळे ठीक आहे’ असे उत्तर आले, तर आणखी एकदा विचारावे.